अर्थमंत्र्यांची आई

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. तासिका तत्त्व म्हणजे काय हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भरती थांबलेली, जागा रिकाम्या, आणि त्या रिकाम्या जागांवर आमच्यासारखे लोक तासापुरते. तास चालू असला की आपण प्राध्यापक. घंटा झाली की केजमार्गे नेकनूरला जाणाऱ्या एस.टी.त जागा धरायला पळणारी बाई. मला त्याचं फार दुःख नव्हतं. शिकवायला आवडायचं, आणि बसमध्ये झोप छान लागायची.

त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘मॅडम, जिल्ह्यातल्या कॉलेजांची अभिरूप संसदेची स्पर्धा यंदा आपल्याकडे आहे. तुमचा विषय आहे, तुम्हीच बसवा.’ अभिरूप संसद म्हणजे विद्यार्थ्यांनी खरोखरच्या सभागृहासारखं कामकाज करून दाखवायचं. कुणी अध्यक्ष, कुणी मंत्री, कुणी विरोधी पक्षनेता. चर्चेचा विषय वरूनच ठरून आला होता: ‘काटकसरीच्या काळात शिक्षणावरील सरकारी खर्च’. स्टाफरूममध्ये तो कागद वाचून मी एकटीच हसायला लागले. शेजारचे सर म्हणाले, ‘काय झालं?’

‘काही नाही सर. आपल्यावरच प्रश्न निघालाय.’

निवडीच्या दिवशी वर्ग गच्च भरला, पण भलतीच अडचण झाली. सगळ्यांना विरोधी पक्षातच बसायचं होतं. खर्च कापायची भाषा करून शिव्या कोण खाणार? एका जमीनदार घरातल्या मुलाचे काका राजकारणात होते. तो तर घरून पांढरं जॅकेट घालूनच आला होता आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची आपलीच असं धरून बसला होता. आवाजही तसाच होता. कॉरिडॉरमध्ये बोलला तरी मैदानावर कळायचं. त्याला मी नेता केलं. अध्यक्षपदासाठी एक शांत, ठाम मुलगी मिळाली. अर्थमंत्र्याची खुर्ची मात्र रिकामीच.

‘कुणीच नाही?’ मी विचारलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ‘मी करते म्याडम.’

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. युसूफ वडगावच्या अलीकडे एक छोटी वस्ती आहे, तिथून बसनं यायची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की सहा महिने घराला कुलूप, आणि ही लहान बहिणीला घेऊन चुलतीकडे. वर्गात फारसं बोलायची नाही, पण वही अशी ठेवायची की तिच्यावरून मीच पुढच्या वर्षी शिकवावं.

‘तुलाच का करायचंय हे?’ मी विचारलं.

‘विरोधकाला वरडलं तरी चालतंय म्याडम. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतंय.’

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी आमचं गाडं अडलं ते कपात सूचनेवर. सभागृहात विरोधकांना एखाद्या खात्याच्या कारभाराबद्दल तक्रार करायची असेल तर ते त्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना मांडतात. हिला कपात सूचना म्हणतात. शंभर रुपये ही फक्त नाराजीची खूण. पांढऱ्या जॅकेटवाल्याला हे काही केल्या पटेना.

‘म्याडम, आपल्याला खर्च वाढवा म्हणायचंय ना? मग मी कापा कशाला म्हणू?’

‘कापा म्हणजे आमचा तुमच्यावर राग आहे, असा अर्थ.’

‘मग सरळ रागच करतो की!’

‘सभागृहात राग नियमानं करायचा असतो,’ मी म्हटलं. त्यानं मान हलवली, पण नियमाबद्दलचं त्याचं मत त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अर्थमंत्रीण मात्र वेगळ्याच कामाला लागली. ग्रंथालय संपवलं, मोबाईलवर विधिमंडळातल्या जुन्या चर्चा ऐकल्या आणि रोज मला गाठून प्रश्न विचारायला लागली. वित्तीय तूट म्हणजे नेमकं काय, पगारावरच सगळा पैसा का जातो, कमी पटाची शाळा मोठ्या शाळेत मिळवली तर मुलांचा फायदा खरंच होतो का. मी एकदा म्हटलं, ‘अगं, इतकं कशाला? पाच मिनिटांचं भाषण आहे.’

तेव्हा तिनं मला सांगितलं की तिच्या वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळाही अशीच कमी पटाची आहे. ती स्वतः तिथंच शिकली. धाकटी बहीण आता तिथं तिसरीत आहे. शाळा युसूफ वडगावच्या मोठ्या शाळेला जोडणार अशी बोलवा उठली होती.

‘मग तू कशाला हे काम घेतलंस? मी दुसऱ्याला देते.’

‘नगं म्याडम. तिकडचे लोक काय म्हणून बंद करायलेत, ते मला नीट कळायला पायजे.’

स्पर्धेचा दिवस दसऱ्याच्या आधीचा होता. टोळ्या अजून निघालेल्या नव्हत्या, म्हणून तिचे आईवडील घरीच होते. पोरीनं घरी एवढंच सांगितलेलं, की मी मंत्री झाले, बघायला या. आईनं ही बातमी वस्तीभर केली होती. मंत्री कसली आणि बोलणार काय, हे ना पोरीनं सांगितलं, ना आईनं विचारलं.

दोघं सकाळच्या पहिल्याच बसनं आले. वडील इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, अगदी अबोल. आई उंच, उन्हानं रापलेली, हिरवी साडी नेसलेली, हॉलच्या दारातच मला म्हणाली, ‘तुमीच का म्याडम? लेक लई नाव घेती तुमचं.’ मी त्यांना प्रेक्षकांच्या गॅलरीत पहिल्या रांगेत बसवलं. गॅलरी म्हणजे आमच्या हॉलचा मागचा अर्धा भाग, मध्ये मंडपवाल्याकडून आणलेली दोरी. समोर मधोमध अध्यक्षांची उंच खुर्ची, एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक. कडेला दोन परीक्षक. त्यातले वयस्कर गृहस्थ कामकाजाचे नियम कोळून प्यालेले म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध होते.

सुरुवात झकास झाली. प्रश्नोत्तरांचा तास रंगला. जॅकेटवाल्यानं कपात सूचना मांडली, आणि राग नियमानं करायचा हे विसरून टेबलावर अशी मूठ आपटली की परीक्षकांपुढचा पाण्याचा पेला हलला. गॅलरीतून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला बंदी आहे हे सांगायला अध्यक्षांना घंटी वाजवावी लागली.

मग अर्थमंत्री उत्तराला उभ्या राहिल्या.

आजही मला ते भाषण जसंच्या तसं आठवतं असं म्हणणार नाही, पण तिचा सूर आठवतो. तिनं ओरडून काही सांगितलं नाही. समजावून सांगितलं. घरात पीठ कमी असेल तर आई सगळ्यांच्या भाकरी थोड्या लहान करते, एकालाच उपाशी ठेवत नाही. सरकारलाही तेच करावं लागतं. दोन शिक्षक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी मुलं अशा शाळेत ना खेळाचा संघ होतो, ना प्रयोगशाळा येते. हीच मुलं मोठ्या शाळेत गेली तर त्यांना सोबती मिळतील, ग्रंथालय मिळेल. ‘अध्यक्ष महोदया, आम्ही शाळा बंद करत नाही. आम्ही मुलांना चांगल्या शाळेत नेत आहोत.’

मी भिंतीला टेकून उभी होते. सगळं मला माहीत असूनही मला वाटलं, खरंच की, यात चूक काय आहे?

तेवढ्यात दोरीपलीकडून आवाज आला.

‘ए! काय बोलायली तू?’

हिरवी साडी उभी होती. वडील पदर ओढून खाली बसवायला बघत होते. तिनं पदर सोडवून घेतला.

‘कावून बंद करायची गं शाळा? तू कुठं शिकलीस? सांग की ह्या लोकायला!’

हॉलमध्ये हसू फुटलं आणि लगेच विरलंही, कारण बाई हसत नव्हती. अर्थमंत्री मात्र बसल्या नाहीत, अध्यक्षांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, नियमाप्रमाणे.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. ‘गॅलरीतील अभ्यागतांना सभागृहात बोलता येणार नाही. कृपया खाली बसावं.’

‘बसते की माय,’ आई म्हणाली, ‘पर आधी मला एक सांगा. ह्यो पोरगा तिकडून म्हणतोय शंभर रुपये कापा. माझी लेक इकडून म्हणती शाळा कापा. दोन्हीकडून कापायलेतच! मग आमच्या बाजूनं हाय कोण?’

वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढला. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझे पुढच्या वर्षीचे सगळे तास मला मावळताना दिसले. मी गॅलरीकडे धावणार, तोच आमच्या शांत अध्यक्षांनी जे केलं ते मी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं.

‘सभागृहाची बैठक पंधरा मिनिटांसाठी तहकूब करण्यात येत आहे,’ ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उतरली.

चहाच्या टेबलापाशी मी पोचेपर्यंत जॅकेटवाला माझ्या आधी त्या माउलीजवळ जाऊन बसला होता. त्यानं जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं होतं, वही मांडीवर घेतली होती आणि चक्क लिहून घेत होता. मी त्याला पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकताना बघत होते.

ती सांगत होती. आम्ही नवरा-बायको तोडीला गेलो की लेकरं दोनच ठिकाणी राहू शकतात. एक तर घरी, नाही तर आमच्याबरोबर उसाच्या फडात. घरी कावून राहतात? शाळा दारात आहे म्हणून. चुलती सकाळी रानात जाते, लेकरू आपल्या पायानं शाळेत जातं, खिचडी खाऊन परत येतं. मोठी शाळा चांगली असेल, आमचं कुठं भांडण आहे? पण मध्ये ओढा आहे, सडक आहे, ट्रॅक्टर धावतात. आठ वर्षांच्या पोरीला एकटीला कोण सोडणार? मग बाप म्हणतो, चल गाडीत. आणि एकदा का लेकरू फडात आलं, की उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला लागतं. पुढच्या साली त्याच्या हातात कोयता.

‘ही कोयत्याला लागली न्हाई,’ तिनं लेकीकडे बोट दाखवलं, ‘ती शाळा घरापाशी हुती म्हणून.’

अर्थमंत्री तिथंच दोन पावलांवर उभ्या होत्या. कप हातात, चहा गार झालेला. आईजवळ जावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

बैठक पुन्हा सुरू झाली. जॅकेटवाला उभा राहिला. या वेळी मूठ आपटली नाही. ‘अध्यक्ष महोदया, माझ्या मतदारसंघातल्या एका नागरिकानं मला काही माहिती दिली आहे. ती मी सभागृहापुढे ठेवतो.’ आणि त्यानं ओढा, सडक, खिचडी, फड, कोयता, सगळं जसंच्या तसं सांगितलं. अधूनमधून वहीत बघत होता. शेवटी म्हणाला, ‘मंत्रिमहोदयांनी भाकरी लहान करायचं सांगितलं. पण महोदया, ही भाकरी लहान नाही झाली. ही पार दुसऱ्या गावात नेऊन ठेवली.’

बाकं वाजली, दोन्ही बाजूंची.

अर्थमंत्री उत्तराला उठल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. ‘सन्माननीय सदस्यांनी मांडलेली वस्तुस्थिती शासनाला मान्य आहे. जोपर्यंत ने-आण करण्याची आणि हंगामात मुलांच्या राहण्याची सोय प्रत्यक्ष होत नाही, तोपर्यंत अशी एकही शाळा दुसऱ्या शाळेत विलीन केली जाणार नाही, असं आश्वासन मी सभागृहाला देते. विरोधी पक्षनेत्यांनी आपली कपात सूचना मागे घ्यावी, अशी विनंती आहे.’

आमच्या संहितेत यातलं काहीच नव्हतं. संहितेप्रमाणे मतदान होऊन सरकार जिंकणार होतं आणि विरोधक सभात्याग करणार होते. सभात्यागाची जॅकेटवाल्यानं आठवडाभर तालीम केली होती. तो क्षणभर घुटमळला. दाराकडे बघितलं, मग गॅलरीकडे.

‘लिहून घे म्हणावं!’ गॅलरीतून हळूच आवाज आला. अध्यक्षांना तो ऐकू आला नाही, किंवा त्यांनी ऐकला नाही.

‘आश्वासन कामकाजात नोंदवलं जावं,’ जॅकेटवाला म्हणाला. ‘त्या अटीवर मी कपात सूचना मागे घेतो.’

मागणी मताला टाकली. होयचे बहुमत. बैठक संपली.

सगळ्या संघांचं झाल्यावर निकाल लागला, त्यात आमचा नंबर आला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, उत्तेजनार्थही नाही. वयस्कर परीक्षकांनी निकाल सांगताना कारणही सांगितलं: गॅलरीतला गोंधळ, अभ्यागताकडून भाषण, अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलणं, या प्रत्येकाचे गुण गेले. ‘नियम म्हणजे नियम,’ ते म्हणाले. मग व्यासपीठावरून उतरले, सरळ पहिल्या रांगेपर्यंत आले आणि त्या बाईला म्हणाले, ‘ताई, आश्वासन नोंदवून घ्या हे सांगायचं अर्ध्या आमदारांना सुचत नाही. तुम्हाला कसं सुचलं?’

‘टोळीचा मुकादम तोंडी बोलतोय अन् मग फिरतोय,’ ती म्हणाली. ‘सवय हाय आमाला.’

परतीच्या बसला आम्ही एकाच स्टँडवर होतो. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि अजून एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. शेवटी लेकच म्हणाली, ‘आई, ते माझं म्हणणं नव्हतं. मला दिलेलं काम हुतं.’

‘कळालं मला. इतकी येडी न्हाई मी.’

‘मग उठलीस कावून सगळ्यांपुढं?’

आई म्हणाली, ‘तू बोलायलीस, अन् मला पटायला लागलं. खरंच लेकराला सोबती भेटतील, पुस्तकं भेटतील. म्हणलं, हिला उत्तर दिलं न्हाई तर मीच व्हय म्हणीन. म्हणून उठले.’ आणि लेकीच्या पाठीत एक हलका धपाटा घालून म्हणाली, ‘लई गोड बोलतीस गं. भ्याव वाटलं मला.’

तेव्हा ती मुलगी रडली आणि हसलीही. वडिलांनी दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडलं. ‘भजे खायचेत का?’ त्यांनी आम्हा तिघींना विचारलं. आम्ही खाल्ले.

पंधरा दिवसांनी मला वस्तीवरून बोलावणं आलं. शाळेत पालकांची सभा होती आणि शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख येणार होते. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, भिंतीवर बाराखडी. पालक सतरंजीवर बसले होते. केंद्रप्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी हात जोडून सांगितलं की कुठलाच लेखी आदेश अजून आलेला नाही, पण पट असाच घसरत राहिला तर माझ्या हातात काही राहणार नाही.

‘पट म्हणजे लेकरं ना?’ हिरव्या साडीनं विचारलं. ‘मग लेकरं बसवतो की आमी.’

त्याच सतरंजीवर तिनं एकेका घराला नाव घेऊन विचारलं. ह्या साली तुझी पोरं कुणाजवळ ठेवणार? तुझा पोरगा मागल्या साली फडात गेलता, औंदा माझ्या जावेकडं ठेव. कुणी मान हलवली, कुणी भाकरीची अडचण सांगितली, त्यावर दुसऱ्या घरानं हंगामभर भाकरीची जबाबदारी घेतली. लेकीनं हे सगळं अर्जात लिहिलं. तिची भाषा एव्हाना इतकी सभागृहाची झाली होती, की ‘सबब, शासनाने’ वाचताना केंद्रप्रमुखही सरसावून बसले. खाली अंगठे आणि सह्या झाल्या. त्याच बैठकीत शाळा व्यवस्थापन समितीची निवड होती. अध्यक्ष पालकांतला लागतो. सगळ्यांनी बाईकडेच बघितलं.

‘मला लिहिता येत न्हाई,’ ती म्हणाली.

‘बोलता येतंय की,’ तिचा नवरा मागून म्हणाला.

शाळा त्या वर्षी चालू राहिली. अर्जामुळं, पट वाढल्यामुळं की आदेशच निघाला नाही म्हणून, हे मला माहीत नाही, आणि त्याचं श्रेय घ्यायला कुणी पुढंही आलं नाही. पुढचं पुढं. माझे तास मात्र प्राचार्यांनी चालू ठेवले, वर पुढच्या स्पर्धेचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. त्यांच्यात शाळा समितीच्या नव्या अध्यक्षबाईही गेल्या, पार पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर. समितीची बैठक तर दर महिन्याला घ्यावीच लागते. जानेवारीत मी मुद्दाम गेले. गुरुजींनी टेबलावर मोबाईल उभा करून ठेवला होता, आवाज मोठा केला होता. पडद्यावर उसाचं हिरवंगार रान, डोक्याला फडकं बांधलेली ती, मागं बैलगाडीत मोळ्या भरणारा नवरा. पोषण आहाराचा तांदूळ आला का, हातपंप दुरुस्त झाला का, तिसरीतली माझी पोरगी पाढे म्हणती का, असं एकेक विचारत होती. मध्येच कुणीतरी पालक मोठ्यानं बोलायला लागला.

‘एकेकानं बोला!’ फोनमधून आवाज आला. ‘न्हाईतर तहकूब करते मी सभा!’

सतरंजीवरची सगळी माणसं गप्प झाली, आणि गुरुजींनी पुढचा विषय वाचायला घेतला.